औषधाची मात्रा घटली, मुलांचे आयुष्य वाढले : फॅन्कोनी अ‍ॅनिमिया आणि मूलपेशी प्रत्यारोपण

लहान मुलांची अस्थिमज्जा निकामी होणे हा दुर्मीळ आजार आहे. परंतु ज्या घरात तो येतो, त्या घराचे सारे वेळापत्रक रक्तपेढी, ताप आणि तपासणीचे अहवाल यांभोवती फिरू लागते. अशा आनुवंशिक विकारांत मुलाचे रक्त कायमचे पूर्ववत करण्याचा प्रस्थापित उपाय एकच आहे, तो म्हणजे निरोगी दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण. यांपैकी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या विकारात मात्र एक वेगळीच अडचण उभी राहते. प्रत्यारोपणापूर्वी दिल्या जाणाऱ्या औषधांची जी मात्रा इतर रुग्णांना सहज पेलते, तीच या मुलांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच उपचारांचे यश पेशी चढवण्याच्या दिवसाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, त्याआधी झालेल्या अचूक निदानावर अवलंबून असते. हे ज्ञान वैद्यकशास्त्राने गेल्या चार दशकांत कसे मिळवले, भारतात आज कोणते मार्ग उपलब्ध आहेत आणि कोणती दक्षता आवश्यक आहे, याचा हा आढावा.

रक्ताचा कारखाना बंद पडतो तेव्हा

हाडांच्या पोकळीतील मऊ, लालसर ऊती म्हणजे अस्थिमज्जा. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दररोज सुमारे २० हजार कोटी लाल पेशी तयार होतात. त्यांच्यासोबत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट याही तेथेच जन्म घेतात. या सर्व पेशींचे मूळ एकच असते. रक्त निर्माण करणाऱ्या मोजक्या मूलपेशी स्वतःसारख्या नव्या पेशीही घडवतात आणि त्यांच्यापासूनच रक्तातील सर्व प्रकारच्या पेशी निर्माण होतात.

लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकतात, प्लेटलेटचे आयुष्य आठ ते दहा दिवसांचे असते, तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस राहतात. अस्थिमज्जेचे काम मंदावले की त्याचे परिणामही याच हिशेबाने दिसू लागतात. किरकोळ धक्क्याने अंगावर निळे-जांभळे डाग पडतात, त्वचेवर बारीक लाल ठिपके उमटतात, नाकातून किंवा हिरड्यांतून वारंवार रक्त येते. ताप येतो आणि लवकर उतरत नाही. मूल फिकट दिसते, खेळताना लवकर दमते. एक मायक्रोलिटर रक्तात साधारणतः दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. अस्थिमज्जा गंभीररीत्या निकामी झाली की हा आकडा २० हजारांखाली आणि न्यूट्रोफिलची संख्या ५०० च्या खाली जाते. या टप्प्यावर साधा संसर्गही प्राणघातक ठरू शकतो.

आजार दिसायला सारखे, मूळ मात्र भिन्न

मुलांमध्ये अस्थिमज्जा निकामी होण्याची कारणे ढोबळमानाने दोन गटांत मोडतात. पहिल्या गटात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मूलपेशींवर हल्ला करते. त्याला अर्जित अप्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणतात. दुसऱ्या गटात जन्मतःच जनुकांत दोष असतो. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया, डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया, डिस्केराटोसिस कंजेनिटा, श्वाखमान-डायमंड सिंड्रोम हे या गटातील प्रमुख विकार होत.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गटांतील अस्थिमज्जा जवळपास सारखीच, म्हणजे पेशी ओसरलेली आणि चरबीने भरलेली दिसू शकते. उपचार मात्र पूर्णतः वेगळे आहेत. अर्जित प्रकारात जुळणारे भावंड नसल्यास प्रतिकारशक्ती शमवणारी एटीजी आणि सायक्लोस्पोरिन ही औषधे दिली जातात आणि अनेक मुलांची अस्थिमज्जा त्यांमुळे पुन्हा काम करू लागते. आनुवंशिक प्रकारात बिघाड पेशीच्या आतच असल्याने या औषधांचा उपयोग होत नाही. महागडे औषध वाया जाते आणि मौल्यवान काळही निघून जातो. निदान चुकल्यास होणारे हे पहिले नुकसान आहे. त्याहून मोठे नुकसान प्रत्यारोपणाच्या वेळी होते.

दुरुस्तीची यंत्रणाच सदोष

स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ गुइडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये एकाच कुटुंबातील तीन भावांमध्ये आढळलेल्या या आजाराचे वर्णन केले. पुढे त्यांचेच नाव या विकाराला मिळाले. नावात 'अ‍ॅनिमिया' असला तरी हा साधा रक्तक्षय नव्हे. लोह किंवा जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही.

प्रत्येक पेशीतील डीएनएची रचना दोन धाग्यांच्या पिळासारखी असते. पेशी विभागताना हे धागे एकमेकांपासून सुटे व्हावे लागतात. काही रसायनांमुळे या दोन धाग्यांमध्ये घट्ट गाठ बसते. निरोगी पेशीत ही गाठ शोधून सोडवणारी एक यंत्रणा असते आणि तिच्यात वीसहून अधिक जनुकांचा सहभाग असतो. यांपैकी एखाद्या जनुकात दोष असल्यास गाठ सुटत नाही, गुणसूत्रे तुटतात आणि पेशी मरते किंवा कर्करोगाकडे वळते. अशी गाठ पाडणारी रसायने बाहेरूनच यावी लागतात असे नाही. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ केतन पटेल यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, शरीरातील चयापचयात तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइडही या यंत्रणेच्या अभावी घातक ठरते. सतत विभागणाऱ्या रक्ताच्या मूलपेशींना त्याचा फटका सर्वाधिक बसतो. त्यामुळे बहुतांश मुलांमध्ये वयाच्या पहिल्या दशकातच रक्तपेशी घटू लागतात.

हा विकार बहुधा अप्रकट स्वरूपाचा असतो. आई आणि वडील दोघेही एकेक सदोष जनुक बाळगून असतात, परंतु स्वतः निरोगी असतात. दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेले अपत्य आजारी पडते आणि प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता २५ टक्के असते. रक्तसंबंधातील विवाहांत पती-पत्नींकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. दक्षिणेकडील राज्यांत आणि महाराष्ट्रातील काही समाजांत मामेबहिणीशी विवाहाची प्रथा असल्याने हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. मात्र नात्यात विवाह नसला म्हणून धोका नाही, असेही नव्हे. जगभरात 'फॅन्कए' हे जनुक सर्वाधिक रुग्णांमध्ये सदोष आढळते. भारतीय रुग्णांमध्ये त्याखेरीज 'फॅन्कएल' या जनुकातील एक विशिष्ट बदल वारंवार दिसून आला आहे. तो फार पूर्वीच्या एका समान पूर्वजाकडून भारतीय उपखंडातील अनेक कुटुंबांत उतरला असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे.

अंगठा, उंची आणि एक चाचणी

अनेक मुलांच्या शरीरावर या विकाराच्या खुणा जन्मापासून असतात. अंगठा लहान, वाकडा किंवा जोडीचा असणे, मनगटाजवळील हाडाची वाढ न होणे, उंची कमी राहणे, त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग असणे, डोके लहान असणे, मूत्रपिंड एकच किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या जागी असणे अशा त्या खुणा होत. अंगठ्यावर शस्त्रक्रिया होते, उंचीसाठी वेगळ्या डॉक्टरांकडे तपासणी होते. परंतु या सर्वांची सांगड घालून रक्ताची तपासणी करण्याचे राहून जाते. दुसरीकडे, चारपैकी किमान एका मुलात यांतील एकही ठळक खूण नसते. म्हणून 'मूल दिसायला व्यवस्थित आहे' या आधारावर फॅन्कोनीची शक्यता फेटाळता येत नाही.

निदानासाठी गुणसूत्रभंग चाचणी केली जाते. मुलाच्या रक्तातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर मायटोमायसिन-सी किंवा डाय-इपॉक्सिब्युटेन या रसायनाची अल्प मात्रा सोडतात. निरोगी पेशी ती सहन करतात. फॅन्कोनीच्या पेशींतील गुणसूत्रे तुटतात आणि त्यांचे तुकडे भलत्याच ठिकाणी जोडले जातात. काही रुग्णांमध्ये रक्तातील काही पेशींनी दोष आपोआप दुरुस्त करून घेतलेला असतो आणि त्यामुळे अहवाल फसवा येऊ शकतो. संशय कायम असल्यास त्वचेच्या पेशींवर हीच चाचणी केली जाते. जनुकीय तपासणीतून नेमका दोष समजतो आणि पुढील गर्भारपणात गर्भाची तपासणी करणेही शक्य होते.

या चाचणीचे मोल रक्तरोगतज्ज्ञ फार मोठे मानतात. मुलाची अस्थिमज्जा निकामी झाल्याचे दिसताच, उपचारांची दिशा ठरवण्यापूर्वी ही चाचणी करावी, हा जगभर मान्य झालेला दंडक आहे.

जागा करणारे औषधच घातक

प्रत्यारोपण या शब्दामुळे शस्त्रक्रियेचे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात रुग्णासाठी ही प्रक्रिया रक्त चढवण्यासारखी असते. दात्याच्या मूलपेशी शिरेवाटे सोडल्या जातात आणि त्या रक्तातून वाट काढत अस्थिमज्जेत जाऊन स्थिरावतात. परंतु त्यापूर्वी दोन कामे करावी लागतात. जुन्या मूलपेशी हटवून नव्या पेशींसाठी जागा करावी लागते आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती शमवावी लागते, अन्यथा ती नव्या पेशींना परके समजून नष्ट करते. यासाठी प्रत्यारोपणाआधीचे काही दिवस केमोथेरपीची औषधे आणि गरजेनुसार किरणोपचार दिले जातात. याला पूर्वतयारीचे उपचार म्हणतात.

अर्जित अप्लास्टिक अ‍ॅनिमियामध्ये अनेक वर्षे सायक्लोफॉस्फामाइड हे औषध शरीराच्या दर किलो वजनामागे एकूण २०० मिलिग्रॅम या प्रमाणात दिले जात असे. फॅन्कोनीच्या मुलांनाही सुरुवातीला असेच उपचार दिले गेले आणि त्याचे परिणाम भीषण झाले. तोंडापासून आतड्यांपर्यंतचे अस्तर सोलले जाणे, मूत्राशयातून आणि आतड्यांतून रक्तस्राव, हृदयावर परिणाम अशा गुंतागुंतींनी मुले दगावली. याचे कारण पुढे स्पष्ट झाले. सायक्लोफॉस्फामाइड डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये गाठ पाडूनच पेशी मारते आणि ती गाठ सोडवण्याची क्षमताच या मुलांच्या शरीरात नसते. केवळ अस्थिमज्जेतच नव्हे, तर शरीरातील प्रत्येक पेशीत हा दोष असतो.

पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयातील डॉ. एलियान ग्लुकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी हे ओळखले. त्यांनी औषधाची मात्रा सुमारे एक दशांशावर आणली, त्याला मर्यादित किरणोपचाराची जोड दिली आणि मुले वाचू लागली. पुढे ब्राझीलमधील कुरितिबा येथील केंद्राने किरणोपचार पूर्णपणे वगळून, सायक्लोफॉस्फामाइडची मात्रा टप्प्याटप्प्याने २०० वरून ६० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. एवढ्या कमी मात्रेतही जुळणाऱ्या भावंडाच्या पेशी रुजतात, हे या केंद्राच्या अनुभवातून सिद्ध झाले. किरणोपचार टाळल्याने पुढील आयुष्यातील कर्करोगाचा धोका वाढत नाही, हा त्यातील मोठा लाभ होता.

फ्लुडाराबिन हे औषध हा पुढचा टप्पा होता. ते प्रतिकारशक्ती प्रभावीपणे शमवते, परंतु डीएनएमध्ये तशा गाठी पाडत नाही. कुटुंबाबाहेरील दात्याकडून प्रत्यारोपण झालेल्या ९८ फॅन्कोनी रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केला. फ्लुडाराबिनशिवाय प्रत्यारोपण झालेल्यांत तीन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्के, तर फ्लुडाराबिन दिलेल्यांत ५२ टक्के होते. त्यानंतर हे औषध पूर्वतयारीचा अविभाज्य भाग बनले. आज अनुभवी केंद्रांत, वेळेत आणि जुळणाऱ्या भावंडाकडून प्रत्यारोपण झालेल्या दहापैकी आठ किंवा त्याहून अधिक मुले बरी होतात.

दाता कोण असू शकतो?

दाता आणि रुग्ण यांची जुळणी रक्तगटावरून ठरत नाही. त्यासाठी पेशींच्या पृष्ठभागावरील एचएलए या खुणा जुळाव्या लागतात. त्या घडवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि त्यांचा अर्धा संच आईकडून, तर अर्धा वडिलांकडून येतो. त्यामुळे एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता २५ टक्के असते. फॅन्कोनीमध्ये आणखी एक अट असते. दाता होऊ पाहणाऱ्या भावंडाला स्वतःला हा विकार नसावा. त्या भावंडालाही विकार असण्याची शक्यता २५ टक्के असल्याने, एखादे भावंड पूर्ण जुळणारे आणि निरोगीही असण्याची शक्यता साधारणतः १६ मध्ये ३ एवढीच उरते. वरवर धडधाकट दिसणाऱ्या भावंडाचीही गुणसूत्रभंग चाचणी करणे म्हणूनच बंधनकारक मानले जाते. तसे न केल्यास आजारी अस्थिमज्जेच्या जागी दुसरी आजारी अस्थिमज्जा बसवण्याचा धोका असतो.

नाळेतील रक्ताच्या प्रत्यारोपणाचा इतिहासही याच आजारापासून सुरू होतो. ऑक्टोबर १९८८ मध्ये डॉ. ग्लुकमन यांनी पॅरिसमध्ये फॅन्कोनी अ‍ॅनिमिया असलेल्या पाच वर्षांच्या एका अमेरिकी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. गर्भावस्थेतील तपासणीत ती निरोगी आणि जुळणारी असल्याचे आधीच समजले होते. जन्मानंतर गोळा करून गोठवलेले ते रक्त अमेरिकेतून पॅरिसला नेण्यात आले. जगातील हे पहिले नाळरक्त प्रत्यारोपण यशस्वी झाले.

या घटनेचा दाखला खासगी नाळरक्त पेढ्यांच्या जाहिरातींच्या संदर्भात अनेकदा चुकीच्या पद्धतीने समजून घेतला जातो. त्या मुलाला स्वतःच्या नव्हे, तर बहिणीच्या नाळेतील रक्ताने जीवदान मिळाले. आनुवंशिक विकार असलेल्या मुलाच्या स्वतःच्या नाळेतील पेशींतही तोच दोष असतो, त्यामुळे त्या उपयोगी पडत नाहीत. भविष्यात स्वतःच्या उपयोगासाठी नाळरक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नसल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही नमूद आहे.

भावंड जुळत नसल्यास स्वेच्छा दात्यांच्या नोंदवहीत शोध घेतला जातो. जगभरातील अशा नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक दात्यांची नोंद आहे. भारतातील नोंद मात्र काही लाखांच्याच घरात आहे. चेन्नई येथे २००९ मध्ये सुरू झालेली 'दात्री' ही त्यांपैकी एक प्रमुख संस्था. एचएलए खुणा वंशपरंपरेशी जोडलेल्या असल्यामुळे मराठी कुटुंबातील मुलाशी जुळणारा दाता सापडण्याची शक्यता भारतीय वंशाच्या, विशेषतः त्याच समाजातील लोकांमध्ये अधिक असते. नोंदणीसाठी गालाच्या आतील भागातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला जातो. प्रत्यक्ष दानाची वेळ आल्यास बहुतेकदा हाताच्या शिरेतून यंत्राद्वारे मूलपेशी वेगळ्या केल्या जातात. कर्करोग नसलेल्या रक्तविकारांत भूल देऊन कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा घेण्यास प्राधान्य दिले जाते. दात्याची अस्थिमज्जा काही आठवड्यांत पूर्ववत होते.

आई-वडीलही दाते

एकही पूर्ण जुळणारा दाता न मिळाल्यास पूर्वी मार्ग खुंटत असे. आता आई किंवा वडिलांच्या, म्हणजे निम्म्या जुळणाऱ्या पेशी वापरता येतात. यातील मुख्य धोका असा की, दात्याच्या पेशींसोबत आलेल्या टी-पेशी रुग्णाची त्वचा, यकृत आणि आतडी यांवर हल्ला चढवतात. हा धोका टाळण्याचे दोन मार्ग आहेत. एका पद्धतीत प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन आक्रमक टी-पेशींचा नायनाट केला जातो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धत तुलनेने कमी खर्चाची असल्याने भारतात रुळली. फॅन्कोनीमध्ये मात्र तिचीही मात्रा घटवावी लागते. दुसऱ्या पद्धतीत पेशी देण्यापूर्वीच प्रयोगशाळेत त्यांतील धोकादायक टी-पेशी गाळून काढल्या जातात. ती अधिक सौम्य, परंतु अधिक महाग आहे.

भारतात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा आरंभ १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८६ मध्ये हे उपचार सुरू केले. वेल्लोर आणि चेन्नई येथील केंद्रांनी फॅन्कोनीग्रस्त मुलांच्या प्रत्यारोपणाचे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले आहेत. फॅन्कोनीची मुले संख्येने थोडी असल्याने, प्रत्येक केंद्राला या विशिष्ट विकाराचा सराव असतोच असे नाही. त्यामुळे अशा रुग्णांवर उपचार केलेले केंद्र निवडणे इष्ट ठरते.

केमोथेरपीला प्रतिपिंडाचा पर्याय

औषधाची मात्रा कमी करण्याच्या या प्रवासातील नवा टप्पा जुलै २०२५ मध्ये समोर आला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा वर्षांखालील तीन फॅन्कोनीग्रस्त मुलांवरील प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. जुन्या मूलपेशी हटवण्यासाठी किरणोपचार किंवा बुसल्फान हे विषारी औषध वापरण्याऐवजी त्यांनी एका प्रतिपिंडाचा वापर केला. मूलपेशींच्या पृष्ठभागावर सीडी ११७ नावाचे प्रथिन असते. हे प्रतिपिंड नेमके त्यालाच चिकटते आणि त्या पेशींना जगण्यासाठी लागणारा संकेत थांबवते. प्रतिकारशक्ती शमवणारी इतर औषधे मात्र द्यावीच लागली. दाते पूर्ण जुळणारे नसतानाही तिन्ही मुलांत नव्या पेशी रुजल्या आणि दोन वर्षांनंतर त्यांच्या रक्तातील जवळपास सर्व पेशी दात्याच्याच असल्याचे आढळले. मुले केवळ तीन असल्याने हे निष्कर्ष आशादायक असले तरी प्राथमिकच मानले जातात.

स्पेनमधील संशोधक जनुकोपचाराच्या मार्गाने प्रयत्न करीत आहेत. त्यात मुलाच्याच मूलपेशी काढून, त्यांत निर्दोष जनुक सोडून त्या परत दिल्या जातात. त्यासाठी दाता लागत नाही. मात्र मूलपेशी पुरेशा संख्येने शिल्लक असतानाच त्या गोळा कराव्या लागतात. थोडक्यात, निदान लवकर होण्याला या भविष्यातील उपचारांतही पर्याय नाही.

प्रतीक्षेच्या काळातील दक्षता

निदान झाले म्हणून प्रत्येक मुलाचे प्रत्यारोपण तातडीने करावे लागत नाही. रक्तपेशींची संख्या सुरक्षित पातळीवर असेपर्यंत ठरावीक अंतराने तपासणी केली जाते. काही मुलांमध्ये अँड्रोजन वर्गातील औषधांनी पेशींची संख्या काही काळ वाढते, परंतु यकृतावरील परिणामांमुळे त्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. प्रत्यारोपणाची योग्य वेळ अस्थिमज्जा निकामी झाल्यानंतर, परंतु वारंवार संसर्ग, असंख्य रक्तसंक्रमणे किंवा रक्ताचा कर्करोग उद्भवण्यापूर्वीची असते. विलंब झाल्यास यशाची शक्यता घटते.

या काळात रक्त चढवण्याबाबत काही नियम पाळले जातात. आई, वडील, भावंडे किंवा इतर रक्ताच्या नातेवाइकांचे रक्त मुलाला देऊ नये. मुलाचे शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध सजग होते आणि पुढे तेच दाते ठरल्यास पेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. आपत्तीच्या वेळी प्रेमापोटी पुढे आलेले कुटुंबीय नेमके हेच करून बसतात. रक्त शक्यतो पांढऱ्या पेशी गाळलेले आणि किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेले असावे. न्यूट्रोफिल कमी असताना ताप आल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे लागते. एक्स-रे आणि सीटी स्कॅनही आवश्यक तेवढेच करावेत, कारण या मुलांच्या पेशींना किरणोत्सर्ग अधिक बाधतो.

खर्च आणि शासकीय मदत

प्रत्यारोपणाचा खर्च लाखो रुपयांच्या घरात जातो. निम्म्या जुळणाऱ्या दात्याच्या बाबतीत, संसर्ग किंवा अन्य गुंतागुंत उद्भवल्यास तो आणखी वाढतो. त्यातच मूल आणि आई किंवा वडील यांना अनेक महिने केंद्राजवळ राहावे लागते. राहण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी रुग्णालयाच्या देयकात दिसत नाही.

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात फॅन्कोनी अ‍ॅनिमियाचा नावानिशी समावेश आहे. एकदाच केलेल्या उपचाराने बऱ्या होऊ शकणाऱ्या आजारांच्या पहिल्या गटात तो आहे. या धोरणांतर्गत सुरुवातीला २० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. मे २०२२ मध्ये ती ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. त्यासाठी मुलाची नोंदणी केंद्राने निश्चित केलेल्या उत्कृष्टता केंद्रात होणे आवश्यक असते. मुंबईचे केईएम रुग्णालय, दिल्लीतील एम्स, चंदीगडची पीजीआय, लखनऊची संजय गांधी संस्था ही त्यांपैकी काही होत. अप्लास्टिक अ‍ॅनिमिया आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बालसेवा योजनेतून निवडक रुग्णालयांत दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. अचूक निदानाचे महत्त्व येथेही दिसते, कारण कोणत्या योजनेचे दार ठोठवायचे हे आजाराच्या नावावर ठरते.

प्रत्यारोपणानंतरचे आयुष्य

पेशी दिल्यानंतर साधारणतः दोन ते चार आठवड्यांत नव्या अस्थिमज्जेचे काम सुरू झाल्याच्या खुणा रक्ततपासणीत दिसू लागतात. दात्याचा रक्तगट वेगळा असल्यास मुलाचा रक्तगटही हळूहळू बदलतो. प्रतिकारशक्ती पूर्ववत होण्यास मात्र अनेक महिने लागतात. तोवर प्रतिकारशक्ती शमवणारी औषधे घ्यावी लागतात, गर्दी टाळावी लागते आणि आहाराच्या स्वच्छतेवर कटाक्ष ठेवावा लागतो. जुन्या लसींचे संरक्षण बहुधा पुसले गेल्याने लसीकरणही नव्याने करावे लागते.

प्रत्यारोपणाने रक्त बदलते, शरीरातील इतर पेशी तशाच राहतात. त्यामुळे फॅन्कोनी असलेल्या व्यक्तींना तोंड, घसा, अन्ननलिका आणि जननेंद्रियांच्या कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांच्या तुलनेत शेकडो पटींनी अधिक असतो आणि तोही तरुण वयात. तंबाखू आणि मद्य यांपासून आयुष्यभर दूर राहणे, एचपीव्ही प्रतिबंधक लस घेणे आणि दर सहा महिन्यांनी तोंडाची तपासणी करून घेणे हे त्यांच्यासाठी उपचारांचेच भाग आहेत. गुटखा गल्लोगल्ली मिळणाऱ्या देशात हा सल्ला मुलाला शाळकरी वयातच समजावून द्यावा लागतो.

फॅन्कोनी अ‍ॅनिमियामध्ये मोठे उपचार मोठ्या शहरांतच होतात, परंतु निदानाची पहिली संधी बहुधा गावातील किंवा तालुक्यातील दवाखान्यात येते. रक्ताच्या साध्या तपासणीत एकाहून अधिक प्रकारच्या पेशी सातत्याने कमी दिसणे, त्यासोबत अंगठ्यातील दोष, खुंटलेली उंची किंवा त्वचेवरील डाग असणे, अथवा कुटुंबात अशाच आजाराने दगावलेले मूल असणे, यांपैकी काहीही आढळल्यास केवळ लोहाच्या गोळ्या देऊन न थांबता मुलाला रक्तरोगतज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक ठरते. चार दशकांपूर्वी याच मुलांना वाचवण्यासाठी दिलेल्या औषधाने त्यांचे प्राण घेतले होते. आज योग्य मात्रा ठाऊक आहे, दाते मिळवण्याचे मार्ग वाढले आहेत आणि शासकीय साहाय्याची तरतूदही आहे. या सर्वांचा लाभ मुलापर्यंत पोहोचण्यासाठी आजाराचे खरे नाव मात्र वेळेत कळावे लागते.